दुपारी आंबट, संध्याकाळी झक्क

१

मालकीणबाईंनी एक घोट घेतला आणि पेला टेबलावर असा ठेवला, की आता तो परत उचलायचा नाही.

"ही पितात," त्यांनी विचारलं, "की हिनं फरशी पुसतात?"

कुणी हसलं नाही. उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर, पांढऱ्या चादरी घातलेल्या लांब टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांनी आपापला घोट कसाबसा गिळला होता. फळांचं ताट घेऊन नुकत्याच वर आलेल्या मुख्य आचाऱ्यानं तोंड पुसायचा रुमाल तोंडावरच धरून ठेवला होता. मावशीला मात्र धक्का बसला तो भाचीकडे बघून. वाईन भाचीची, जिवाचं रान करून शोधलेली, आणि भाचीचंच तोंड वाकडं झालं होतं.

मावशी स्वतः पीत नसे. पित्ताची प्रकृती, चहा जास्त झाला तरी रात्र जागून काढायची. ती आली होती ती पोरीच्या पाठीशी कुणीतरी आपलं माणूस असावं म्हणून. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ती टेबलावर आलेल्या सफरचंदाच्या फोडी खात होती. फोडी कशा, करकरीत आणि साखरेसारख्या गोड. निदान फुकटची फळं तरी चांगली मिळाली, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं.

आता प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. या देशात बाहेरून येणाऱ्या वाईनवर सरकारनं असा कर बसवला होता, की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. परदेशी प्यावी तर खिसा फाटायचा, देशी प्यावी तर घसा. साध्या पगारदार माणसानं लग्नाच्या वाढदिवसाला एक बरी बाटली आणायची म्हटलं, तर आधी बायकोची परवानगी काढावी लागे. भाचीनं यावर तोड काढली होती. कर नुसत्या वाईनवर बसत नाही, बाटली, बूच, लेबल, खोकं या सगळ्याच्या किमतीवर मिळून बसतो. मग बाटली आणायचीच कशाला? तिनं चांगल्या मळ्यातली वाईन पाण्याच्या टाकीएवढ्या मोठ्या, जाड पिशवीत भरून जहाजानं मागवली. बंद पडलेली एक डेअरी भाड्यानं घेतली आणि दुधाच्या यंत्रावर वाईन भरायची तयारी केली. वर बूचसुद्धा नाही, साधं फिरकीचं झाकण. सगळं कायद्यात चोख बसवलेलं.

पहिल्या छोट्या पिशवीतल्या बाटल्या तिच्या दुकानात हातोहात खपल्या होत्या. मोठी पिशवी बंदरावरच्या जकातीच्या गोदामात पडून होती. कर भरून ती शनिवारच्या आत सोडवली नाही, तर सरकार तिचा लिलाव करणार. मालकीणबाईंची शहरभर उपाहारगृहं. त्यांनी ही वाईन रोजच्या विक्रीला घेतली असती तर आगाऊ रकमेत पिशवी सुटली असती. नाही तर दुकानाला कुलूप.

पडद्यामागून 'टप्प' असा आवाज आला. दुसऱ्या बाटलीचं बूच निघालं. टेबलावर चीजच्या जाडजूड वड्या आल्या आणि पेले भरले गेले.

"वा," मालकीणबाई म्हणाल्या. "ह्याला म्हणतात वाईन."

टेबलाच्या टोकाला बसलेले आयातवाले साहेब नम्रपणे हसले. दुसरी बाटली त्यांची होती.

२

घरी आल्यावर भाचीनं उरलेली बाटली ओट्यावर ठेवली आणि ओतून टाकायला झाकण काढलं.

"मावशी, मलाच आंबट लागली ग. मालकीणबाईंचं जाऊ दे, माझी मलाच. इतके दिवस मी काय चाखत होते?"

"ओतू नकोस," मावशी म्हणाली. "आधी जेव."

सकाळचा पाव आणि डाळीचं सूप होतं. पोरगी रडत रडत जेवली आणि जेवता जेवता, सवयीनं म्हणा की रागानं, तिनं त्याच बाटलीतली वाईन पेल्यात ओतून घेतली. घोट घेतला. थांबली. परत घेतला.

"काय झालं?"

"झक्क आहे," भाची म्हणाली. तिचा आवाज घाबरल्यासारखा झाला. "मावशी, ही तीच बाटली आहे. माझ्या हातानं आणलीय. आणि झक्क आहे."

मावशीची नोकरी विमा कंपनीत, दाव्यांची चौकशी करायची. कचेरीत पाठीमागे तिला 'सुई' म्हणत, कारण ती शिरली की आरपार जायची. तिनं कागदोपत्री मेलेली माणसं बाजारात भाजी घेताना पकडली होती. पण दुपारी नासलेली वाईन संध्याकाळी सुधारल्याचं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"पेले घाण असतील?"

"मी स्वतः विसळले. दोन्ही खेपेला तेच पेले."

"बाटली कुणी बदलली?"

"कशी बदलणार? कोणती कुणाची ते कळू नये म्हणून दोन्ही बाटल्यांना मालकीणबाईंनी स्वतः कापडी पिशव्या घातल्या. आधी कोणती द्यायची तेही त्यांनीच ऐनवेळी नाणं उडवून ठरवलं. बदललेली असती तर ही आत्ता चांगली कशी लागली असती?"

मावशीनं चहाचं आधण ठेवलं. चोरी व्हायला वस्तू हलावी लागते. इथं वस्तू जागच्या जागी होती आणि चवच तेवढी कुणीतरी उचलून नेली होती.

"उद्या रजा टाकते," ती म्हणाली.

३

पहिला गाठला आचारी. गडी पोटानं मोठा आणि मनानं त्याहून मोठा, पण त्या दिवशी फुरंगटलेला होता.

"मी सुका पाव कापून ठेवला होता, बाई. चाखताना पाव आणि पाणी, बस. पण सकाळी मागच्या दारात टोपली आली. सफरचंदं आणि चीज. म्हटलं, पाहुण्यांची आवड. दोन ताटं लावून ठेवली."

"मग आधी सफरचंदं का गेली?"

"वरून जिन्यातून आवाज आला, 'आधी फळं पाठवा.' कुणाचा ते नाही सांगता यायचं. इथं भांड्यांचा खणखणाट, कानात बोललेलं ऐकू येत नाही."

"टोपली कुणी पाठवली?"

आचाऱ्यानं तिच्याकडे चमकून पाहिलं. "म्हणजे काय? तुमच्या भाचीनंच ना. तिच्याच दुकानाच्या निळ्या पिशवीत होतं सगळं."

भाचीनं काही पाठवलं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आयातवाले साहेब आपल्या गार, गालिचे घातलेल्या कचेरीत भेटले. भाची पूर्वी त्यांच्याकडेच माल रवाना करायच्या खात्यात होती. साहेब परदेशी खरेदीला जात ते आपली खास माणसं घेऊन, हिला कधी नेलं नाही.

"गुणी मुलगी," साहेब म्हणाले. "पण वाईन म्हणजे दूध नव्हे. तिला म्हणावं, परत ये, जागा आहे."

"चाखण्याच्या वेळी तुम्ही मध्येच उठला होता."

"फोन आला होता. जिन्यात गेलो होतो. का?"

"सहज विचारलं. लिलावाला जाणार का शनिवारी?"

साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. "स्वस्तात मिळालं तर कोण सोडतो?" ते म्हणाले. म्हणजे तिची वाईन मातीमोलानं घेऊन आपलं लेबल चिकटवायचं, हे यांचं आधीच ठरलेलं होतं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिनं नमस्कार केला आणि उठली.

तिसरा उपाहारगृहाचा व्यवस्थापक. बारीक, टापटीप, बोलायला साखर. पडद्यामागे बाटल्या यानंच उघडल्या होत्या आणि त्याआधी भाचीच्या दुकानातून नमुन्याच्या बाटल्याही यानंच आणल्या होत्या.

"बाई, मला वाईनमधलं ओ की ठो कळत नाही," तो हात जोडून म्हणाला. "मी हुकमाचा ताबेदार. उघड म्हटलं, उघडली. कोणती कुणाची हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

"तुम्हालाच कसं, कुणालाच नव्हतं," मावशी म्हणाली आणि जिना उतरू लागली. अर्ध्यावर तिचा पाय थबकला. पहिल्या बाटलीला 'टप्प' झालंच नव्हतं. भाचीच्या बाटलीला बूच नसतं. ज्याला कान होते, त्या प्रत्येकाला पेला भरायच्या आधीच कळलं होतं की बाटली कुणाची.

४

म्हणजे नाणं उडवण्याला अर्थच उरला नव्हता. कुणीतरी कान देऊन ऐकलं आणि मग ताटं ठरवली. पण ताटांनी होतं काय? पोट भरतं, आणखी काय?

दुकानात भाची खोकी बांधत होती. वाटेत मावशीनं सफरचंदं घेतली होती. आदल्या दुपारची फोड तिच्या जिभेवरून गेली नव्हती. तिनं एक चिरलं, अर्धं पोरीच्या हातात कोंबलं.

"खा. तोंड बघ कसं सुकलंय."

भाचीनं खाल्लं. त्याच तंद्रीत तिनं टेबलावरच्या उघड्या बाटलीतून घोटभर वाईन घेतली आणि तिचं तोंड कालच्यासारखंच वाकडं झालं.

मावशीनं पाण्याचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

"पाणी पी," मावशी म्हणाली. "पाव खा. आता परत चाख."

"चांगली आहे."

"आता सफरचंद."

"आंबट. पाणचट. शी."

मावशी धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून चीज घेऊन आली. पन्नाशीची बाई रस्त्यातून धावताना बघून एक सायकलवाला बाजूला झाला. चीजच्या तुकड्यावर वाईन कशी लागली? मखमल. मग मावशीनं शेल्फावरची सर्वांत भिकार देशी बाटली उघडायला लावली. चीजवर तीसुद्धा चालून गेली.

"चीज जिभेवर सायीसारखं बसतं, दोष झाकतं," मावशी हळूहळू म्हणाली. "आणि गोड, करकरीत सफरचंद सगळं उघडं पाडतं. तुला उघडं पाडलं आणि साहेबांना झाकलं. बाटलीला कुणी हात लावला नाही, पोरी. तुमच्या जिभांना लावला."

भाची मटकन खोक्यावर बसली. "म्हणजे माझी वाईन चांगली आहे?" तिनं विचारलं. आरोपी कोण, हे तिनं विचारलंच नाही. तिच्या लेखी तेवढा एकच प्रश्न होता, आणि मावशीला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला.

"चांगली आहे. पण मालकीणबाईंना हे सांगितलं तर म्हणतील, हरल्यावर फळांना नावं ठेवता, आणि फळं तर तुमच्याच पिशवीत आली. करणारा माणूस हवा." मावशीनं पदर खोचला. "ही युक्ती ज्याला ठाऊक आहे, तो स्वतः विकत घेताना काय करेल?"

भाचीनं डोळे पुसले आणि एकदम मान वर केली.

५

शुक्रवारी दुपारी दुकानात तिघांना बोलावणं गेलं. दुकान मोडतंय, शेल्फं रिकामी करायचीत, आवडेल त्या वाईनची एक पेटी निरोपाची भेट म्हणून घेऊन जा. फुकटचं कोण सोडतं? तिघंही आले.

टेबलावर लेबलं काढलेल्या, बाहेरच उघडून ठेवलेल्या तीन बाटल्या होत्या. मध्ये एका ताटात सफरचंदाच्या फोडी, चीज आणि पाव. मागच्या कोठीचं दार थोडं किलकिलं होतं.

"एक भाचीची, एक साहेबांची, एक गल्लीतली," मावशी म्हणाली. "कोणती कुठली ते सांगणार नाही. चाखा आणि जी आवडेल तिची पेटी उचला."

साहेबांनी बाटलीला बोटही लावलं नाही. "मला गरज नाही," म्हणाले आणि खिडकीपाशी उभे राहिले. ते आले होते दुकानाची जागा बघायला.

आचाऱ्यानं चीजचा बकाणा भरला, तिन्ही पेले रिकामे केले आणि प्रामाणिकपणे डोकं खाजवलं. "तिन्ही बऱ्याच आहेत की. कुठलीही द्या."

मग व्यवस्थापक पुढे झाला. चीजचं ताट त्याच्या हाताशी होतं. त्यानं ते कोपरानं बाजूला सारलं. सफरचंदाची फोड घेतली, नीट चावली, पहिल्या पेल्यातला घोट जिभेवर घोळवला. परत फोड, दुसरा पेला. परत फोड, तिसरा. हात कसा अगदी सरावाचा. शेवटी त्यानं मधल्या बाटलीवर बोट ठेवलं.

"ही," तो म्हणाला. "हिची पेटी द्या."

"नक्की?" मावशीनं विचारलं.

"शंकाच नको. बाकीच्या दोन्ही हिच्यापुढे काही नाहीत."

"ओ की ठो न कळणाऱ्या माणसाच्या मानानं फार झटकन ठरवलंत," मावशी म्हणाली. "ही भाचीची आहे."

व्यवस्थापकानं हातातल्या उरलेल्या फोडीकडे पाहिलं. मग त्यानं ती हळूच ताटात ठेवली, पण आता ठेवून काय उपयोग?

"पडद्यामागे बाटली उघडताना तुम्हाला झाकण हाताला लागलं," मावशी बोलत होती, आवाज न चढवता. "'टप्प' बाकीच्यांनीही ऐकला असता, पण तो दुसऱ्या बाटलीचा. पहिली उघडली तेव्हा फक्त शांतता होती, आणि शांततेवरून फळं मागवणारा माणूस आधीपासून तयारीत असावा लागतो. साहेब तेव्हा अजून खुर्चीत होते, फोन नंतर आला. आचारी खाली होता. आणि निळी पिशवी? तुम्ही नमुने आणलेत ते तिच्यातूनच. साहेब या दुकानात आज पहिल्यांदा पाऊल टाकताहेत. राहिली युक्ती. ती खरेदीवाल्यांची आहे. साहेब खरेदीला आपली खास माणसं नेतात ना? तुम्ही कधी होतात त्यांच्याकडे?"

"इथं येण्याआधी," कोठीचं दार उघडून मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या साडीला खोक्यांची धूळ लागली होती. "मला मात्र नोकरीला लागताना सांगितलं, कापडाच्या दुकानात होतो म्हणून."

६

व्यवस्थापकाला मग तोंड फुटलं. साहेबांनी त्याला शहराच्या अर्ध्या भागाची एजन्सी कबूल केली होती. साहेब म्हणाले, मी या माणसाला ओळखतही नाही. व्यवस्थापक म्हणाला, साहेब, असं कसं, तुमच्याच गाडीतून आलो की आत्ता. एवढ्यावर आचारी असा हसला, की शेल्फावरच्या बाटल्या किणकिणल्या.

"भांडणं बाहेर जाऊन करा," मालकीणबाई म्हणाल्या. "नाही, साहेब, तुम्ही थांबा. मला न्याय नीट करायचाय."

त्यांनी खुर्ची ओढली आणि साहेबांची बाटली नि भाचीची बाटली समोर घेतली. आधी दोन्ही सफरचंदावर चाखल्या. भाचीची आंबट लागली, हे त्यांनी कबूल केलं. साहेबांची चाखली आणि त्या उठून थेट मोरीपाशी गेल्या. मग पाणी प्यायल्या, सुका पाव खाल्ला आणि दोन्ही परत चाखल्या, सावकाश, कुणाकडे न बघता. भाचीनं मावशीचा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी रुतली.

"मुली," मालकीणबाई म्हणाल्या, "तुझ्यावर मी अन्याय केला. माझ्याच छपराखाली, माझ्याच माणसानं मला फसवलं आणि वर मी तुला चारचौघांत फरशी पुसायचं बोलले. ते मी चारचौघांतच परत घेते. माझ्या सगळ्या उपाहारगृहांत यापुढे हीच. आगाऊ रक्कम आजच घेऊन जा. बंदर कधी बंद होतं?"

"पाचला," भाची म्हणाली आणि तिथंच ढसाढसा रडायला लागली.

"रडायला रात्र पडलीय," मावशीनं तिला दाराकडे ढकललं. "आधी पळ."

साहेब दारात अंग चोरून उभे होते. भाची त्यांच्यासमोर थांबली.

"तुमच्याकडची ती जागा," ती म्हणाली, "भरून टाका."

७

पिशवी सुटली. सोमवारी डेअरीतलं जुनं यंत्र खडखडत सुरू झालं आणि पट्ट्यावरून बाटल्या रांगेनं निघाल्या. मावशीनं पुन्हा रजा टाकली होती आणि झाकणं पिळून पिळून तिचे तळवे लाल झाले होते. कुणी विचारलं तर ती सांगायची, मला यातलं काही कळत नाही, मी पीत नाही, पण वाईन पहिल्या दर्जाची आहे.

आठवडा संपता संपता दुकानाबाहेर रांग लागली. शिंपी होता, शाळेतल्या दोन बाई होत्या, आईच्या पंचाहत्तरीला काहीतरी बरं न्यावं म्हणून आलेला एक रिक्षावाला होता. आचारी स्वतःच्या पैशांनी घेऊन गेला. आणि रांगेच्या शेवटी, टोपी काखेत दाबून, कुणाच्या नजरेत येऊ नये असा एक गृहस्थ उभा होता. भाचीनं त्याला ओळखलं. पिशवीवर कर आकारणारा जकातीचा अधिकारी.

भाचीनं कराच्या पावत्या काढून पुढे धरल्या. "काही राहिलं का, साहेब? सगळा कर भरलाय."

"अहो, सगळं चोख आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दोन बाटल्या द्या. आयुष्यभर लोकांच्या वाईनवर शिक्के मारत आलो, बाई. घरी न्यायला परवडेल अशी ही पहिलीच."

रांगेतला शिंपी आधी हसला, मग सगळेच हसले, आणि शेवटी तो अधिकारीही. भाचीनं दोन बाटल्या कागदात गुंडाळल्या, पूर्ण किंमत घेतली आणि मान उंच करून पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.